क्षमा केली, पण सही करू का?

वाचकाचं पत्र

प्रभूच्या नावात सलाम. माझं वय 54. माहेर नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सासर संभाजीनगरला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या नावावर दोन खोल्या, पडवी आणि मागे थोडी मोकळी जागा. वडील आधी गेले. आईला शेवटची चार वर्षं मी माझ्याकडे सांभाळलं. तिची माती झाली आणि महिन्याभरात दादानं घराला नवं कुलूप घातलं, सिटी सर्व्हेला जाऊन घराच्या प्रॉपर्टी कार्डावर एकट्याचं नाव चढवलं. आम्ही दोघंच भावंडं. आईचं बायबल तेवढं आणायला गेले, तर वहिनीनं आत घेतलं नाही. फाटकातूनच बायबल हातात दिलं. याला 9 वर्षं झाली.

रोज रात्री गुडघे टेकून म्हणते, 'प्रभू, मी दादाला माफ केलं.' सकाळी कुणी नुसतं माहेरच्या गावाचं नाव काढलं तरी छातीत आग होते. म्हणजे माझी क्षमा खोटीच ना? आमच्या पाळकांनी मार्क 11:25 वर संदेश दिला, की क्षमा न करणाऱ्याची प्रार्थना वर पोहोचत नाही. माझा मुलगा दारूच्या नादी लागलाय. त्याच्यासाठी किती वर्षं उपास-प्रार्थना करतेय. माझ्या रागामुळेच देव ऐकत नसेल का? या भीतीनं वर्षभर मी प्रभुभोजनही घेतलेलं नाही.

आता दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे. वहिनीचा फोन आला. भेटायला या म्हणाली, आणि येताना आधार, पॅन आणि दोन फोटो आणा, हक्कसोडपत्र करायचंय, घर विकून उपचार करायचेत. मंडळीतल्या बायका म्हणतात, 'ख्रिस्ती म्हणवतेस ना? मग सही करून मोकळी हो.' काय करू?

एक बहीण

उत्तर

ताई, सलाम.

तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्या फाटकापाशी अडली. जिनं चार वर्षं आईचं दुखणंखुपणं काढलं, तिला आईच्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. ताई, हा अन्याय आहे. मी हे आधी आणि स्वच्छ शब्दांत लिहिते, कारण तुमच्या पत्रावरून वाटतं की इतक्या वर्षांत हे कुणी तुम्हाला म्हटलेलंच नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये माणसं फार लवकर क्षमेवर येतात. समोरच्याचं दुखणं पुरतं ऐकूनही घेत नाहीत आणि 'प्रभूने आपल्याला माफ केलं ना' म्हणून मोकळी होतात. पण जिथे काही वाईट झालंच नाही, तिथे क्षमा तरी कशाची करायची?

योसेफाची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकतो. भाऊ भिऊन त्याच्या पाया पडले, तेव्हा तो 'जाऊ द्या हो, झालं गेलं' असं म्हणाला नाही. तुम्ही माझं वाईट योजलं होतं, हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं. देवाने त्यातून भलं केलं, हे त्याच्याच पुढे सांगितलं. आणि मग तुमच्या लेकराबाळांना मी पोसीन असा शब्द दिला (उत्पत्ति 50). तिन्ही गोष्टी त्याच्या तोंडून निघाल्या. आपण पहिली गाळतो आणि उरलेल्या दोन माणसाच्या गळी उतरवू पाहतो. तुम्हीही दादाबद्दल देवाशी बोलताना पहिली गाळत असाल तर ती आजपासून म्हणा. 'प्रभू, दादानं माझ्यावर अन्याय केला.' देवाला ते ठाऊक आहेच, पण तुमच्या कानांनीही ते एकदा ऐकायला हवं.

आता मुलाचं बोलते, कारण मला वाटतं तुमची झोप त्यानंच उडवलीय.

तुमच्या रागामुळे तुमचा मुलगा पितो, किंवा तुमच्या रागामुळे देव त्याला सोडवत नाही, असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही (योहान 9). ते दोन ओळींचं उत्तर तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून आईच्या त्याच बायबलात ठेवा.

आणि मार्क 11:25 पुन्हा एकदा सावकाश वाचा. येशू म्हणतो, तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर क्षमा करा. म्हणजे ज्याच्या मनात काही आहे असा माणूस प्रार्थनेला उभा राहिलाय, हे येशूने धरूनच घेतलंय. आधी मन निर्मळ करून ये, तोवर बाहेर थांब, असं तो म्हणत नाही. क्षमेची जागाच त्याने प्रार्थनेत दाखवली आहे. तुमच्या पाळकांनी सावध करण्यासाठी जे सांगितलं, त्याचा हेतू चांगला असेल. पण जी बाई रोज रात्री दादाचं नाव घेऊन गुडघ्यांवर येते, ती या वचनाच्या विरुद्ध वागत नाहीये. ती तेच वचन पाळतेय. प्रभूच्या प्रार्थनेच्या पाठोपाठ मत्तय जो कडक इशारा लिहितो, तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, तो मी सौम्य करत नाही. तो आहे तसाच आहे. पण क्षमा करायची नाही असं ठरवून बसलेल्यासाठी तो आहे. करू पाहतेय आणि पुरी होत नाही म्हणून रडतेय, अशा बाईला त्याने घाबरवू नये.

मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या आईबद्दल बोलायचं तर मोनिकेशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तिचं नाव फारसं निघत नाही, वसईच्या कॅथलिक घरांत निघतं. उत्तर आफ्रिकेतली ही बाई, तिचा मुलगा ऑगस्टिन. हुशार, पण आईच्या विश्वासापासून लांब गेलेला. त्याच्याशी बोला म्हणून ती एका बिशपच्या मागे लागली. बिशप म्हणाले, आत्ता तो ऐकायचा नाही, राहू दे, तू नुसती प्रार्थना कर. तरी ती रडत राहिली. शेवटी ते थोडे वैतागूनच म्हणाले, जा बाई, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. पुढे मुलानं रोमला जायचं ठरवलं. तिला ते नको होतं. मित्राला निरोप द्यायला थांबलोय असं खोटं सांगून त्यानं आईला किनाऱ्याजवळच्या प्रार्थनामंदिरात बसवलं आणि रात्रीच जहाज धरून निघून गेला. ती आत प्रार्थना करत होती की देवा, याला जाऊ देऊ नकोस. सकाळी किनारा रिकामा. ऑगस्टिनने हे सगळं पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, आणि हेही की त्या रात्रीची तिची मागणी देवाने नाकारली, ती वर्षानुवर्षं जे मागत होती ते देण्यासाठी. कारण इटलीत त्याला मिलानचे बिशप अँब्रोज भेटले आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका त्याच वर्षी वारली. तिनं ते पाहिलं आणि मग ती गेली.

तुमच्या मुलाचंही असंच होईल, हे मी सांगू शकत नाही. पौलाने शरीरात सलणारा काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. मी मोनिकेची गोष्ट सांगितली ती यासाठी, की एखाद्या रात्रीच्या प्रार्थनेला 'नाही' आलं म्हणून देवाने पाठ फिरवली असं समजायचं नसतं. प्रार्थनेच्या बरोबरीनं आणखीही काही करा. दारू हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होतात, आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. मुलगा तयार नसला तरी तुम्ही एकट्या अल-ॲनॉनला जाऊ शकता. जा. तिथल्या बायकांना तुमची रात्र समजावून सांगावी लागणार नाही.

प्रभुभोजनाबद्दल थोडक्यात. पौल करिंथकरांना लिहितो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी (1 करिंथ 11:28). परीक्षा करून मग खावी. परीक्षा करून उठून जावं, असं नाही लिहिलेलं. तुम्ही वर्षभर परीक्षाच करताय. ज्या मेजावर येशूने पहिल्यांदा भाकर मोडली तिथे पेत्र बसला होता, कोंबडा आरवण्याआधी तो तीनदा नाकारणार हे येशूला माहीत होतं, तरी त्याला वाढलं. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी पुढे जा. त्याआधी पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटा आणि पत्रात जे मला लिहिलंत ते त्यांना सांगा. त्यांना तुमचा राग दिसला असेल. ते फाटक त्यांना माहीत नसेल.

आता ती सकाळची आग. माझी क्षमा खोटी का, हा तुमचा प्रश्न.

पेत्राने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सत्तर वेळा सात. आपण समजतो की भाऊ सत्तर वेळा सात चुका करील आणि आपण दर वेळी क्षमा करायची. मला मात्र वाटतं, बहुतेक माणसांवर एकच मोठी वेळ येते. एकच अपराध, पण तो मनात सत्तर वेळा सात उगवतो. कुणी गावाचं नाव काढलं, चिंचेचा वास आला, पाऊस पडला आणि घराची कौलं आठवली, की तो नव्याने समोर. तुमची रात्रीची क्षमा खरी होती. सकाळी तो पुन्हा समोर आला, म्हणून सकाळी पुन्हा करायची. काल केलेली खोटी ठरत नाही.

त्याच अध्यायात (मत्तय 18) येशू दोन देणेकऱ्यांची गोष्ट सांगतो. पहिल्याचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. राजाने ते सोडून दिलं. तोच माणूस बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरतो. प्रवचनांत इथे हमखास म्हणतात की 'एवढ्याशा शंभर दीनारांसाठी'. पण शंभर दिवसांची मजुरी एवढीशी नसते, हे मजुराच्या घरात विचारा. येशूने तुमचं घर, तुमची चार वर्षं, ते फाटक क्षुल्लक ठरवलेलं नाही. देणं खरं आहे, मोठंही आहे, एवढंच की त्याहून कितीतरी मोठं आपल्याला सोडलेलं आहे. आणि राजा चिडतो तो कशावर? हिशेब लक्षात ठेवल्याबद्दल नाही. गळा धरल्याबद्दल आणि पाया पडणाऱ्याला तुरुंगात टाकल्याबद्दल. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा, माझा हात दादाच्या गळ्यावर आहे का? त्याच्या किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा 'बरं झालं' असं मनात आलं का? आलं असेल तर तेही प्रभूला सांगा, नि हात काढा. छातीतली आग ही दुखापतीची खूण आहे, ती तुमच्या हुकमानं विझत नाही. हात काढणं मात्र तुमच्या हातात आहे.

याला वेळ लागतो. 1995 च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात इंदूरजवळ सिस्टर राणी मारिया हिला बसच्या प्रवासात समंदर सिंग नावाच्या तरुणानं भोसकून मारलं. ती गोरगरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवायला झटत होती, ते काहींना खुपत होतं. राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर. तिनं तुरुंगात जाऊन समंदर सिंगच्या हातात राखी बांधली ती 2002 साली. मध्ये सात वर्षं गेली. देवाच्या सेवेला आयुष्य वाहिलेल्या बाईच्या आणि त्या राखीच्या मध्ये सात वर्षं. पुढे त्याच कुटुंबाच्या प्रयत्नांतून 2006 मध्ये तो सुटला. तुमचा वेळ लागतोय म्हणून लाजू नका.

रोज करायचं म्हणजे काय करायचं, ते सांगते. 'मी माफ केलं' हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. ते म्हणता म्हणता त्याची परीक्षाच होऊन बसलीय, रोज रात्री पेपर द्यायचा आणि रोज सकाळी नापास व्हायचं. त्याऐवजी आधी स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवात 'हे परमेश्वरा, किती वेळ?' अशी आहे. तक्रार कशी करायची ते तिथे शिकायला मिळतं, नि ती ऐकून घेणारा आहे हेही. मग दादासाठी एकच गोष्ट मागा, आणि ती मोघम नको. 'दादाला आशीर्वाद दे' हे फार सोपं, त्याला मन लावावंच लागत नाही. डायलिसिसच्या बऱ्याच पेशंटच्या हातावर फिश्चुला केलेला असतो, म्हणजे शीर धमनीला जोडलेली असते, त्या शिरेवर हात ठेवला तर आत घरघर लागते. दर खेपेला त्यात दोन जाड सुया जातात. त्या हातासाठी प्रार्थना करा. सुई एका फटक्यात बसू दे. रात्री पायात गोळे येऊ नयेत. पाणी मोजून प्यावं लागतं, त्याची तहान भागू दे. तुमच्या तोंडातून हे निघणं पहिले काही दिवस जड जाईल, घशाशी येऊन थांबेल. थांबलं तर 'आमेन' म्हणून उठा आणि उद्या पुन्हा बसा. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा असं येशू म्हणाला तेव्हा त्याच्या मनात असंच काहीतरी ठसठशीत असावं. ज्याच्या हातातल्या सुईसाठी आपण महिनाभर प्रार्थना केली, त्याचा गळा धरणं अवघड होत जातं. माझा यावर भरवसा आहे.

आता सही.

करू नका. निदान त्या भेटीत, त्या फोटोंसकट, मुळीच नको.

आणि हे मी ख्रिस्ती म्हणूनच सांगतेय. चिकाटीनं प्रार्थना करा हे शिकवायला येशूने कोणाचं उदाहरण घेतलं ते आठवा (लूक 18). एक विधवा. ती रोज न्यायाधीशाच्या दारात जाऊन एकच मागते, माझ्या प्रतिवादीपासून मला न्याय मिळवून द्या. ना ती संपत्ती मागत होती, ना चमत्कार. येशूच्या काळात नवरा गेलेल्या बाईचं घरदार कोण लुबाडायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विधवांची घरं गिळणारे म्हणून शास्त्र्यांना त्याने भर लोकांत सुनावलंय. त्या बाईला 'क्षमा कर आणि घरी जा' असं तो म्हणत नाही. तिच्या रोजच्या फेऱ्यांनाच तो प्रार्थनेचा नमुना म्हणून आपल्यापुढे ठेवतो. न्याय मागणं आणि प्रार्थनेत टिकून राहणं ही येशूच्या लेखी एकाच बाईची गोष्ट आहे. मग 'ख्रिस्ती म्हणवतेस तर हक्क सोड' हे मंडळीतल्या बायकांनी कुठून आणलं?

कायद्याचं थोडं समजून घ्या. आपल्या ख्रिस्ती लोकांना वारशासाठी भारतीय वारसा कायदा, 1925 लागू होतो. त्यात मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्यामागे घराचा तिसरा हिस्सा आईचा आणि उरलेला तुम्हा दोघा भावंडांचा सारखा. आईनंही मृत्युपत्र केलं नसेल तर तिचा हिस्साही दोघांत सारखा. बेरीज करून पाहा, निम्मं घर तुमचं आहे. कार्डावर दादानं एकट्याचं नाव चढवलं म्हणून तो एकटा मालक होत नाही, ती नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि ताई, हे वहिनींनाही ठाऊक आहे. तुमचा हक्क उरलाच नसता तर हक्कसोडपत्रासाठी आधार आणि पॅन मागायचं काही कारणच नव्हतं. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं की 'मला कळलं नव्हतं' म्हणून ते मागे घेणं फार कठीण. म्हणून आधी एखाद्या दिवाणी वकिलाला कागद दाखवा. दावा लावायच्या मुदतीचे प्रश्नही असतात, ते त्यांनाच विचारा, यात वेळ घालवू नका.

क्षमा केली की कायद्याचं दार आपोआप बंद होतं, असं मानणाऱ्यांना मी ग्लॅडिस स्टेन्स यांची आठवण करून देते. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलं, 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमोथी, यांना जीपमध्ये झोपेत असताना जाळून मारलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सगळ्या देशासमोर सांगितलं आणि त्या बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. खटला मात्र चालला. शिक्षा झाली, अपिलं झाली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्यांची क्षमा त्यामुळे उणी झाली, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मग घराच्या अर्ध्या हिश्श्यासाठी एका बहिणीला अविश्वासू का ठरवायचं?

मंडळीतल्या बायकांना आणखी एक विचारा. क्षमेची एवढी घाई तुम्हाला आहे, तर दादाला जकातदार जक्कयाची गोष्ट सांगायला कोण जाणार? येशू घरी आला तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला, कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याचा दोष त्याला दाखव, असंही येशूनेच सांगितलंय (लूक 17:3). गिळलेल्याला कुणी काही म्हणायचं नाही आणि जिचं गेलं तिच्याच मागे लागायचं, ही आपल्या मंडळ्यांची जुनी खोड आहे आणि बायकांच्या बाबतीत ती जास्तच दिसते. मला याचा खरंच राग येतो.

उपचारांचं म्हणाल, तर ते घरावाचून अडायचं कारण नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत डायलिसिसची केंद्र सरकारची योजनाही 2016 पासून आहे. वहिनींना हे माहीत नसेल तर सांगा, रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. तुम्हाला जमलं तर स्वतः बरोबर जाऊन तो अर्ज करून द्या. त्यांनी तुमच्याकडून सही मागितली, तुम्ही त्यांना हे द्या.

आणि पुढे, सगळं समजून-उमजून, दादाला बघून, मुलाचं भवितव्य डोळ्यांपुढे ठेवून तुम्हाला खरोखर वाटलं की माझा हिस्सा त्याच्या औषधपाण्याला जावा, तर जरूर द्या. ते दान होईल, आणि दान मोकळ्या हातानं होतं. हिस्सा घेऊन त्यातलं काही दिलंत तरी चालेल. सगळं दिलंत तरी माझी ना नाही. पण क्षमेची पावती म्हणून तुमच्याकडून कुणी घर लिहून घेऊ नये. ज्यानं क्रूसावर 'हे बापा, त्यांना क्षमा कर' म्हटलं, त्यानं त्याची किंमत स्वतः मोजली. ती किंमत तुमच्याकडून वहिनींच्या मार्फत वसूल होत नाहीये.

भेटायला मात्र जा. लवकर जा. रोमकरांस पत्रात पौल लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा. 'तुमच्याकडून होईल तितकं' हे त्याने उगाच घातलेलं नाही. दादा काय करील ते तुमच्याकडे नाही, जाणं तुमच्याकडे आहे. पण ते फाटक पुन्हा एकटीनं बघायला नको. यजमानांना किंवा एखाद्या समजूतदार मैत्रिणीला बरोबर घ्या. आधार-पॅन घरी ठेवा. कागदाचा विषय निघालाच तर म्हणा, 'वहिनी, आज मी दादाला बघायला आलेय. कागदांचं वकिलांशी बोलून कळवते.' एवढंच, आणि आवाज न चढवता. दादाशी जुनं काढू नका, पण त्यानं स्वतःहून काढलं तर 'जाऊ दे, काही झालं नाही' असंही म्हणू नका. 'मला फार लागलं, दादा' म्हणा. तो रडला तर रडू द्या. चिडला तर उठा, पुन्हा या. जमलं तर त्याच्यापाशी बसून त्याच्या हातासाठी तीच प्रार्थना मोठ्यानं करा, जी तुम्ही घरी करत असाल. आईची आवडती एखादी भक्तिगीताची ओळ आठवत असेल तर ती म्हणा. त्यालाही ती येत असणार, दोघंही एकाच पडवीत शिकलात.

जायच्या आधी वहिनींना फोन करून डायलिसिसचे वार विचारून घ्या. डायलिसिस झाल्यावर माणूस गळून गेलेला असतो, त्या दिवशी जाऊ नका, मधल्या दिवशी जा. आणि आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सवयीनं शहाळं, केळी, मोसंबी घेतो, ती नेऊ नका. त्यात पोटॅशियम फार, किडनीच्या पेशंटला ते बाधतं. काय चालतं ते वहिनींनाच विचारा, डॉक्टरांनी त्यांना यादी दिलेली असेल.